आधी पाणी, मग ड्रिपर

बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, हे सोलापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. कुकरच्या चार शिट्ट्या जास्त झाल्या तरी डाळ टचटचीत राहते आणि वरण एकजीव होत नाही. म्हणून बोअरचं पाणी भांड्या-धुण्याला आणि नळाचं पाणी स्वयंपाकाला, ही वाटणी आमच्या सात रस्त्याच्या भागात घरोघरी ठरलेली आहे. नळाला पाणी यायचा दिवस तर लहान पोरांनाही तोंडपाठ असतो. डाळीसाठी पाण्याचा एवढा विचार करणारे आपण कॉफी करायला घेतली की मात्र पाणी विसरतो. ड्रिपरमधून, म्हणजे कागद बसवलेल्या गाळणीतून, पेल्यात उतरणाऱ्या कॉफीत शंभरातले अठ्ठ्याण्णवहून जास्त भाग पाणीच असतं. तरीही चव बिघडली की संशय ड्रिपरवर येतो आणि आपण दुसरा ड्रिपर मागवतो.

हल्ली ओळखीची तरुण मुलं मला विचारतात, "मावशी, कोणता ड्रिपर घेऊ?" काचेचा, चिनी मातीचा, तांब्याचा, प्लॅस्टिकचा असे फोटो दाखवतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ड्रिपर साधा आणि स्वस्त घ्या, पण त्याआधी तुमच्या घरात येणारं पाणी ओळखा. हे उत्तर मी वाचून देत नाही. ते मला एका ब्युरेटने शिकवलं आहे.

मी एकतीस वर्षं एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. द्रावणं तयार करणं, काचसामान मोजून देणं आणि घेणं, गाळणकागदाची घडी कशी घालायची ते अकरावीच्या मुलांना दाखवणं, हे माझं काम. निवृत्त झाले त्या दिवाळीत बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीने ड्रिपर, कागदाचं पाकीट आणि चिकमगळूरच्या कॉफीची एक पिशवी आणली. "आई, यात गाळण आहे, वजन आहे, वेळ आहे. तुला आवडेल," म्हणाली. तिने तिच्याबरोबर आणलेल्या बाटलीतल्या पाण्याची पहिली कॉफी केली. दूध नाही, साखर नाही. मी एक घोट घेतला आणि थांबले. त्यात संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी होतं आणि मागे गुळाची चव रेंगाळत होती. जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीवर वाढलेली मी, कॉफी ही अशी असते हे मला साठीला आल्यावर कळलं.

मुलगी परत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ती चव हरवली. तीच पिशवी, तेच वजन, तोच ड्रिपर. पण पेल्यात सपाट, खडूसारखी कॉफी. मी दळण बदललं, वेळ बदलली. कुणी सांगितलं प्लॅस्टिकमुळे होतं, म्हणून चिनी मातीचा महाग ड्रिपर मागवला. पैसे गेले, चव आली नाही. महिनाभराने एका सकाळी किटली धुताना तिच्या तळाचा पांढरा थर नखाला लागला, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीची मला आठवण झाली. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मी सगळं तपासलं होतं, फक्त पाणी तपासलं नव्हतं.

तीन बाटल्या भरल्या. एक नळाच्या पाण्याची, एक बोअरची, एक आरओची. त्या घेऊन जुन्या प्रयोगशाळेत गेले. पाण्याचा कठीणपणा मोजायची पद्धत बारावी विज्ञानाच्या मुलालाही समजेल अशी आहे. शंक्वाकृती चंबूत मोजून पाणी घ्यायचं, त्याचा सामू दहाला आणणारं द्रावण घालायचं आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाची चिमूट टाकायची. पाणी जांभळट लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जसं जसं बांधलं जातं तसा तो लाल रंग उतरत जातो आणि शेवटच्या एका थेंबाला सगळं पाणी निळं होतं. आरओच्या पाण्याला मोजके थेंब पुरले. नळाच्या पाण्याला ब्युरेट बरीच खाली आली. बोअरच्या पाण्याला नळाच्या जवळजवळ तिप्पट द्रावण लागलं. मग मिथिल ऑरेंज घालून सौम्य आम्लाने अल्कता, म्हणजे मुख्यतः पाण्यातलं बायकार्बोनेट, मोजली. तिचाही क्रम तोच.

आता याचा कॉफीशी संबंध काय, तो सांगते. कॉफीच्या चवीचा मोठा भाग तिच्यातल्या आम्लांचा असतो. संत्र्याची, लिंबाची, कच्च्या आंब्याची आठवण देणारी जी चव, ती आम्लांची. पाण्यातलं बायकार्बोनेट ही आम्लं खाऊन टाकतं, जसा खायचा सोडा लिंबाच्या रसाला निष्प्रभ करतो. म्हणून बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात उत्तम कॉफीही सपाट लागते. उलट पाणी अगदीच कोरं असलं तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडं तरी असलं तर चव भरदार उतरते. डाळीला त्रास देणारी द्रव्यंच कॉफीला बेताने हवी असतात. सगळा खेळ त्या बेताचा आहे.

स्पेशॅलिटी कॉफी असोसिएशन या संस्थेच्या मानकात कॉफीच्या पाण्याची अल्कता लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आसपास सांगितली आहे. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, पिण्याच्या पाण्याला 200 मिलिग्रॅमपर्यंतची अल्कता स्वीकारार्ह आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालते. म्हणजे पिण्यासाठी निर्धोक ठरलेलं पाणी कॉफीच्या मापाच्या पाचपट अल्क असू शकतं. काळ्या पाषाणाच्या पोटातून येणाऱ्या दख्खनच्या पाण्याला हे लागू आहे. ज्या देशांतून या ड्रिपरच्या कृती आपल्याकडे येतात तिथलं पाणी वेगळं आहे. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू. तिथे बसलेली कृती आपण बोअरच्या पाण्यावर जशीच्या तशी लादली, तर दोष त्या कृतीचाही नाही आणि ड्रिपरचाही नाही.

उपाय सोपे आहेत आणि बिनपैशाचे आहेत. नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या. तळाचं बोटभर पाणी झाडाला घाला. उकळताना बायकार्बोनेट फुटतं, त्यातला वायू उडून जातो आणि चुना तळाशी बसतो. ज्याला पाठ्यपुस्तकात तात्पुरता कठीणपणा म्हणतात तो असा उतरतो. घरी आरओ असेल तर निम्मं आरओचं आणि निम्मं नळाचं पाणी मिसळून बघा. बोअरशिवाय पर्याय नसेल तर तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर. मात्र एक गोष्ट मनापासून सांगते. घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी सोडून देतं. आपल्या गावात पाण्याची किंमत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. ते सोडलेलं पाणी बादलीत धरा आणि फरशीला वापरा. आपल्या एका पेल्यासाठी मोरीत पाणी वाहू देणं मला पटत नाही.

पाणी सुधारल्यावर मी दोन्ही ड्रिपर शेजारी ठेवून कॉफी केली. स्वस्त प्लॅस्टिकचा आणि महाग चिनी मातीचा. मला फरक सांगता आला नाही. उलट चिनी मातीचा ड्रिपर आधी गरम पाण्याने नीट तापवला नाही तर तोच कॉफीची ऊब ओढून घेतो. प्लॅस्टिक फारशी उष्णता शोषत नाही, आणि हातातून निसटलं तरी फुटत नाही. दिसायला चिनी माती सुंदर, हे खरं. कुणाला सकाळी सुंदर वस्तू हातात हवी असेल तर त्याने ती जरूर घ्यावी. पण ती चवीसाठी घेतो आहोत असं स्वतःला सांगू नये.

ड्रिपरचा आकार मात्र समजून घ्यावा, कारण त्यात खरी बुद्धी आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी गोल गाळणकागद द्यायचे आणि सांगायचे, एकदा दुमड, पुन्हा दुमड, आता एका बाजूला तीन पदर आणि दुसऱ्या बाजूला एक पदर ठेवून उघड. उघडला की शंकू तयार. या शंकूचा कोन नेमका साठ अंशांचा येतो. का, ते कागदावर काढून पाहता येतं. दोनदा दुमडल्यावर शंकूच्या तोंडाचा घेर मूळ वर्तुळाच्या परिघाच्या निम्मा होतो, म्हणजे तोंडाची त्रिज्या तिरक्या बाजूच्या निम्मी, आणि त्यातून साठ अंश येतात. म्हणून प्रयोगशाळेचं नरसाळंही साठ अंशांचं करतात, कागद त्यात चपखल बसावा म्हणून. मुलीने आणलेल्या ड्रिपरचं नाव होतं व्ही-60. ते साठ म्हणजे हेच साठ अंश. तो बनवणारी हारिओ ही कंपनी 1921 साली टोकियोत सुरू झाली तीच प्रयोगशाळेचं काचसामान बनवण्यासाठी. हे कळलं तेव्हा माझ्या हातातली ती वस्तू मला एकदम घरची वाटली.

तिचं सगळं कूळच असं आहे. 1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कॉफीतला गाळ आणि कडवटपणा नकोसा झाला. तिने पितळी भांड्याच्या बुडाला भोकं पाडली, त्यावर मुलाच्या वहीतला टीपकागद ठेवला आणि वरून कॉफी गाळली. त्याच वर्षी तिने त्याचं पेटंट घेतलं. स्वयंपाकघरातल्या बाईने आपल्या अडचणीवर काढलेला हा तोडगा आज जगभर चालतो. पुढे 1941 साली पीटर श्लुम्बोम या रसायनशास्त्रज्ञाने नरसाळं आणि शंक्वाकृती चंबू एकत्र करून केमेक्स घडवलं. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. अशी भांडी मी रोज सकाळी मोजून द्यायचे आणि संध्याकाळी मोजून घ्यायचे. एक इशारा इथेच देते. प्रयोगशाळेत वापरलेलं नरसाळं किंवा चंबू घरी आणून त्यात खाण्यापिण्याचं काही करू नका. काच कितीही धुतली तरी तिचा भूतकाळ आपल्याला माहीत नसतो.

ड्रिपरच्या आतल्या भिंतीवर उंचवटे का असतात, हेही गाळणाऱ्याला ठाऊक असतं. ओला कागद काचेला चिकटला की हवा अडते आणि गाळण मंदावतं. उंचवटे कागदाला भिंतीपासून दूर धरतात. व्ही-60 ला तळाशी एकच मोठं भोक आणि वळणदार उंचवटे असतात, म्हणून त्यात पाण्याचा वेग तुमच्या दळणावर आणि हातावर ठरतो. मेलिटाच्या पाचरीसारख्या ड्रिपरला लहान भोक, त्यामुळे वेग बराचसा ड्रिपरच ठरवतो. कलिता वेव्हचा तळ सपाट आणि त्याला तीन भोकं. त्यात पाणी सगळीकडे सारखं पसरतं आणि हात थोडा चुकला तरी कॉफी सांभाळून घेते. क्लेव्हर नावाच्या ड्रिपरला तळाशी झडप असते. कॉफी आत भिजत ठेवायची आणि पेल्यावर ठेवली की ती आपोआप उतरते. सकाळी डबे भरायच्या घाईत असलेल्या घराला मी क्लेव्हर किंवा सपाट तळाचा ड्रिपर सुचवते. ज्याला शिकायचं आहे आणि रोज सुधारत जायचं आहे त्याला प्लॅस्टिकचा व्ही-60. एकट्यासाठी 01 माप, दोघांसाठी 02. आणि घेण्याआधी त्याचा कागद कुठे मिळतो ते बघा. कागदाविना ड्रिपर म्हणजे सुताविना माग.

कागदाचा एक फायदा माझ्या वयाच्या माणसांनी ध्यानात ठेवावा. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. कागद ते बहुतेक अडवून ठेवतो. धातूची जाळी अडवत नाही.

सुताचं नाव निघालंच आहे तर कापडाबद्दलही बोलते. जपानमध्ये फलालीनच्या पिशवीतून कॉफी गाळायची जुनी रीत आहे, तिला नेल ड्रिप म्हणतात. मी फलालीनचा शंकू घरीच शिवून पाहिला. नव्या सुती कापडाला खळ असते, ती दोनदा उकळून काढावी लागते, नाही तर कॉफीला पेजेचा वास येतो. वापरल्यावर साबण लावायचा नाही. नुसत्या पाण्याने धुऊन, पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि रोज पाणी बदलायचं. सुकलं की कापडात राहिलेलं तेल खवट होतं. एवढं सांभाळलं तर कापडातून उतरणारी कॉफी कागदापेक्षा दाट आणि मऊ लागते. मला वाटतं, ज्या गावाच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, जिथे घराघरात सुताचा पोत बोटाने ओळखणारी माणसं आहेत, त्या सोलापूरने कॉफीच्या गाळणीचं कापड विणायला हवं. बिनखळीचं, न रंगवलेलं, मापात कापलेलं. कागद बाहेरून मागवत बसण्यापेक्षा हे आपल्या हातचं आहे. कुणा कारखानदाराने मनावर घ्यावं.

आता पैसे कुठे घालायचे ते. दळणाच्या यंत्रात आणि ताज्या बियांत. घरचा मिक्सर बी कापतो. त्यात अर्धी कॉफी पीठ होते आणि अर्धी कण्या राहतात. पीठ कडवट उतरतं, कण्या कच्च्या राहतात आणि दोन्ही एकाच पेल्यात येतात. हाताने फिरवायचं बरवालं यंत्र म्हणजे लहानसं जातंच. दोन दातेरी भागांमधून बी भरडली जाते आणि सगळे कण साधारण एका मापाचे पडतात. ड्रिपरला दळण जाडसर रव्याएवढं हवं. बोटांत चोळून बघा, पिठासारखं लागलं तर फार बारीक झालं.

बियांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. सात रस्त्यावरून विजापूर रस्ता धरला की आपण कर्नाटकाच्या वाटेवर असतो आणि देशातली सुमारे 70 टक्के कॉफी त्या राज्यात पिकते. सावलीत, सिल्व्हर ओकच्या खोडांवर मिरीच्या वेली चढलेल्या असतात, त्यांच्या खाली. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला 1925 पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे. आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी होते, हे कितीतरी मराठी माणसांना ठाऊक नाही. पूर्वी मळेवाल्यांची सगळी कॉफी कॉफी बोर्डाकडे एकत्र जमा व्हायची आणि कोणत्या मळ्याची कोणती हे पिणाऱ्याला कळायला वाव नव्हता. 1990 च्या दशकात ते बंधन सुटलं. आता पाकिटावर मळ्याचं नाव असतं, वाण असतो, बी धुऊन वाळवली की फळासकट वाळवली ते लिहिलेलं असतं. मुंबई-पुण्यात आणि नागपुरातही अशी कॉफी भाजणारे आहेत. ती पिशवी सोलापुरात घरपोच येते.

पाकीट घेताना एकच गोष्ट आधी शोधा, भाजल्याची तारीख. आमच्या इथल्या एका दुकानातून मी मोठ्या नावाने विकली जाणारी कॉफी घेतली होती. तिच्यावर ही तारीखच नव्हती, नुसती वापरण्याची मुदत होती. ड्रिपरमध्ये पाणी ओतलं तर ती जराही फुगली नाही. भाजून आठवडा ते महिना झालेली कॉफी सर्वांत चांगली. आणि चिकोरी घातलेली पूड ड्रिपरसाठी घेऊ नका. कायद्याने मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. डिकॉक्शनला रंग आणि दाटपणा देणं हे तिचं काम, तिथे ती शोभते.

माझा सकाळचा पेला असा होतो. रात्री उकळून ठेवलेलं निवळ पाणी किटलीत गॅसवर चढवते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. उतरवून झाकण काढून अर्धा मिनिट थांबलं की ते कॉफीच्या बेताचं होतं. तोवर 15 ग्रॅम बी दळते. कागद ड्रिपरमध्ये बसवून त्यावरून गरम पाणी फिरवते, कागदाचा वास जातो आणि ड्रिपर तापतो. ते पाणी टाकून देते आणि पेला-ड्रिपर काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणते. पहिलं पाणी 45 ग्रॅम, सगळी पूड भिजेल एवढंच. इथे क्षणभर बघत राहावं. ताजी कॉफी भाकरीसारखी टम्म फुगते, वर बुडबुडे येतात आणि घरभर वास सुटतो. भाजताना बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. तो जाऊ दिला नाही तर पाणी पुडीत नीट शिरत नाही. चाळीस सेकंदांनी पुन्हा बारीक धारेने, मधून बाहेर गोल फिरवत 150 ग्रॅमपर्यंत, थोडं उतरलं की 250 पर्यंत. बारीक तोटीची किटली नसेल तर घरची लहान झारी घ्या, धार छान पडते. तीन मिनिटांच्या आसपास शेवटचा थेंब पडतो. दोन मिनिटांच्या आत संपलं आणि कॉफी आंबट, पाणचट लागली तर दळण बारीक करा. चार मिनिटांच्या पुढे गेलं आणि कडू लागली तर जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. विद्यार्थ्यांना हेच सांगत आले.

राहिलेला चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत जातो, कागदासकट.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत असं काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी हिशेब मांडते. 250 ग्रॅमच्या पाकिटात 15 ग्रॅमप्रमाणे सोळा पेले होतात. पाकीट पाचशे रुपयांचं धरलं तर पेला साधारण एकतीस रुपयांना पडतो. स्वस्त नाही, पण बाहेर याच कॉफीला जे मोजावं लागतं त्याच्या मानाने पुष्कळ कमी. वेळ पाच मिनिटांचा. आणि जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीला मी कमी लेखत नाही. पाहुणा आल्यावर, रात्री उशिरापर्यंत गप्पा रंगल्यावर तीच हवी. दोन्हींची जागा वेगळी आहे. मला म्हणायचंय ते एवढंच, की शेतकऱ्याने डोंगरावर निगुतीने जपलेली चव आपल्या ओट्यापर्यंत येऊन शेवटच्या तीन मिनिटांत वाया जाऊ नये.

आणि एक मागणी आहे, ती कॉफीपुरती नाही. प्रत्येक शहराने पाणीपट्टीच्या बिलावर त्या भागातल्या पाण्याचा कठीणपणा आणि अल्कता हे दोन आकडे छापावेत. वर्षातून चार वेळा पुरे. त्यावरून डाळ कशाने शिजेल ते कळेल, गिझर किती टिकेल ते कळेल, आरओ घ्यायची खरंच गरज आहे की विक्रेत्याच्या बोलण्यावरून आपण घेतो आहोत तेही कळेल. ही तपासणी एका ब्युरेटने होते. मी ती पोरांकडून हजारो वेळा करून घेतली आहे. नागरिकाला आपण पितो ते पाणी आकड्यांत कळणं, हा त्याचा साधा हक्क आहे.

आमच्या शेजारी एक कुटुंब आहे, मूळचं हासनकडचं. साहेब रेल्वेत होते, निवृत्तीनंतर सोलापुरातच राहिले. त्यांच्या घरच्या अम्मा रोज पहाटे पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन लावतात. त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेला फिल्टर आहे तो. मी पहिल्यांदा माझी काळी कॉफी दिली तेव्हा एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला. "अक्का, रागवू नका ओ, दुधाशिवाय मला जमणार नाही," म्हणाल्या. मी राग मानला नाही. त्यांच्या फिल्टरशेजारी माझा ड्रिपर कालचं पोर आहे.

पण जाताना त्यांनी ओट्यावरच्या झाकलेल्या पातेल्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, पाणी उकळून निवळत ठेवलंय. त्यांनी लोटाभर मागून नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत दार वाजलं. अम्मा दवरा नावाच्या पसरट वाटीतून वाफाळती कॉफी घेऊन आल्या होत्या, दुधाची, साखरेची, फेस आलेली. "पिऊन बघा," म्हणाल्या. "लग्न होऊन इथे आले त्याआधी, माहेरी अशी लागायची." चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की सोलापूरला मिळणारी पूडच कमअस्सल असते.

फिल्टर तोच आहे, पूडही तीच आहे. आता रोज रात्री मी पातेलं मोठं ठेवते, आणि पहाटे त्यातला एक लोटा शेजारी जातो.